बालवाडीसाठी जमवलेले नारळ

मुलुंडच्या टोकापासून गोराईच्या खाडीपर्यंत पसरलेली तमाम सांस्कृतिक मंडळे, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्य क्लब, रहिवासी संघ आणि हौशी भजनी मंडळे यांना या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की प्रस्तुत निवेदक, वय पंचावन्न, राहणार घाटकोपर पश्चिम, यापुढे कोणाच्याही हस्ते, कोणत्याही निमित्ताने, कोणत्याही आकाराचा नारळ स्वीकारणार नाही. शेंडीचा नाही, सोललेला नाही, चंदेरी कागदात गुंडाळलेला तर मुळीच नाही. शालीबाबतचा निर्णय तूर्त राखून ठेवण्यात आला आहे, कारण आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या घरी लग्न निघालं आहे आणि त्याला आहेराची चिंता आहे.

हे निवेदन मी रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, माइकऐवजी लाटणं हातात धरून, बायकोला वाचून दाखवलं. साधनाने ते शांतपणे ऐकलं आणि मग नारळ खवायची विळी विकायची की ठेवायची, एवढंच विचारलं.

जानेवारी आला, की मला हे असं होतं. हातगाड्यांवर बोरांचे ढीग दिसायला लागतात, हिरवे हरभरे येतात, दुकानांत हलव्याचे दागिने टांगले जातात. पहाटे जरासा गारवा सुटतो आणि सगळी मुंबई डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे स्वेटर घालून, कोणीतरी आपल्याला त्यात पाहावं म्हणून, दूध आणायला बाहेर पडते. उपनगरात खरी थंडी पडत नाही. इथे वर्धापनदिन पडतात. जिकडे पाहावं तिकडे बांबू, कनाती, प्लास्टिकच्या लाल खुर्च्या आणि स्टेजवर फुलदाणीमागे लपलेला एक माणूस. बहुतेक वेळा तो मीच असतो.

त्यात परवा नलूचा फोन आला. शनिवारी बालवाडीच्या पोरांचं बोरनहाण आहे, ये, म्हणाली. जागा तुला ठाऊकच आहे. हात हलवत ये. नारळ आणलास तर दारातून परत पाठवीन. फोन ठेवला आणि काही वर्षांपूर्वीचा तो जानेवारी माझ्या खांद्यांवर शालीसारखा येऊन पडला. मऊ, उबदार आणि हात हलू न देणारा.

माझी ओळख करून द्यायला हवी. दिवसा मी एका कचेरीत फायली सरकवतो आणि संध्याकाळी सूत्रसंचालन करतो. बारसं, वर्धापनदिन, गुणगौरव, हळदीकुंकू, श्रद्धांजली, जे असेल ते. मानधन म्हणजे एक गुलाबाचं फूल आणि प्लेटभर बटाटेवडे. पण माइक हातात आला, की मला जो आनंद होतो तो लपवायचं मला आजवर जमलेलं नाही. माझं एक हुकमी वाक्य आहे, ‘संस्था त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे.’ हे मी इतक्या वेळा म्हटलंय, की एकदा मेव्हण्याच्या लग्नात नवऱ्या मुलाबद्दलही म्हणून गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्या वाक्यावर टाळ्या पडतातच.

नलू माझ्या शाळेतली. डोंगरावरच्या वस्तीत ती बालवाडी चालवते. शाळेत असताना ती मला दप्तराने मारायची, आता फोनवरून मारते, बाकी फरक नाही. तिची बालवाडी तेव्हा भरायची एका उत्सव मंडळाच्या सामानाच्या खोलीत. मंडळ चांगलं. भाडं नाही, कटकट नाही. पण खोलीत आधीपासून एक राजवाडा राहात होता. सजावटीतला, प्लायवूडचा, भिंतीला टेकवून ठेवलेला. शिवाय गुंडाळलेले गालिचे, दिव्यांच्या माळांची पोती, एक मोडका सिंह. उरलेल्या जागेत पोरं. तीन वर्षांची, चार वर्षांची, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. हात पसरून ‘एवढा मोठा हत्ती’ म्हणायचं, तर आधी शेजारच्याची परवानगी काढावी लागे. खिडकी राजवाड्याच्या मागे गेली होती. मी पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा एक पोरगी मला कौतुकाने सांगत होती, की आमच्या शाळेत उजेड सिंहाच्या पोटातून येतो. खरंच येत होता, तिथल्या भोकातून. तिचं नाव सिया.

आणि ही खोलीसुद्धा जाणार होती. मंडळाने तिथे जिम काढायचं ठरवलं. वस्तीतल्या तरुणांसाठी, म्हणजे कामही चांगलंच, भांडायची सोय नाही. रथसप्तमीला उद्घाटन. तोवर नलूने खोली रिकामी करून द्यायची.

तेव्हा नलू माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही. दोनच गोष्टी हव्यात, म्हणाली. एक, वस्तीतल्या पोरांना चालत जाता येईल अशी सकाळची जागा. दोन, वॉर्ड ऑफिसात जाऊन ‘आमच्या भागात अंगणवाडी हवी’ म्हणताना बरोबर उभ्या राहतील अशा संस्था. एकट्या बाईचं ऐकून घेतात, संस्थांचं ऐकतात.

“तू सगळ्या मंडळांत मिरवतोस ना?” ती म्हणाली. “मग ते मिरवणं एकदा तरी पोरांच्या कामाला येऊ दे.”

मी छातीवर हात ठेवून होकार दिला. असा हात ठेवायचा, की समोरच्याला शेवटच्या रांगेतूनही दिसावा.

पहिला गेलो मुलुंडच्या एका सांस्कृतिक मंडळाकडे. अध्यक्षांना गहिवरून आलं. लहान मुलांचा पायाच कच्चा राहिला तर इमारत कशी उभी राहणार, असं ते स्वतःच म्हणाले, म्हणजे माझं अर्धं भाषण वाचलं. ते म्हणाले, शनिवारी आमच्या वर्धापनदिनाला या, तिथेच जाहीर करू. मी गेलो. आणि तिथे, मायबाप वाचकहो, माझा सत्कार झाला.

सत्कार कसा होतो ते कधी नीट पाहिलंय? मी हजार वेळा तो घडवून आणला होता, पण सापळ्याची रचना आत शिरल्यावरच कळते. आधी मागून कोणीतरी शाल टाकतं आणि पुढे ओढून घेतं, म्हणजे दंड बांधले गेले. मग उजव्या हातात नारळ, डाव्या हातात गुच्छ. फोटोवाला म्हणतो, इकडे बघा, म्हणजे मान अडकली. आणि तुम्ही काही बोलायच्या आत खजिनदारबाई तोंडात पेढा कोंबतात. तेवढ्यात स्टेजवरून आवाज येतो, ‘संस्था त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे.’ टाळ्या. माझंच वाक्य, माझ्याच उच्चारांत, आणि मी पेढा चघळत उभा.

घरी येताना रिक्षात नारळ मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा हळूहळू उलगडलं. हा नकार होता. आपल्याकडे ‘नाही’ म्हणायची ही सगळ्यात सभ्य पद्धत आहे. तोंडावर नाही म्हटलं तर माणूस भांडतो, चार दिवसांनी पुन्हा येतो. सत्कार केला तर आभार मानून जातो. ज्या हाताने नारळ घेतला, तोच हात पुढे करून ‘पण वॉर्ड ऑफिसात येताय ना?’ विचारायचं धाडस आजवर कोणा सत्कारमूर्तीला झालेलं नाही. मलाही झालं नाही.

एकदा हे चक्र सुरू झालं, की सुटका नाही. भांडुपच्या हास्य क्लबाने बालवाडीचा प्रश्न ऐकून घेतला, मग सर्वांनी मिळून माझ्यासाठी दोन्ही हात वर करून हसून दाखवलं आणि नारळ दिला. अंधेरीच्या रहिवासी संघाने नारळाबरोबर मला सल्लागार मंडळावर घेतलं. बोरिवलीच्या महिला मंडळात मी त्यांच्या तिळगुळाचं जरा मनापासून कौतुक केलं, तर त्यांनी मला पुढच्या सगळ्या हळदीकुंकवांचा सूत्रसंचालक करून टाकलं. बालवाडीचं काय, असं मी निघताना दारात विचारलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, अहो, म्हणजे काय, पूर्ण पाठिंबा. आणि मला एक प्लास्टिकची गाळणी दिली. वाण.

घरात नारळ साचत गेले. आधी टोपलीत, मग पलंगाखाली. रात्री कूस बदलली, की खाली कोणीतरी गडगडत जाई. साधना मूळची मालवणची, नारळाला घाबरणारी नव्हे. तिने सोलकढी केली, वड्या केल्या, रस केला, शेजारी वाटले. पण एका संध्याकाळी तिने मला नवा नारळ घेऊन दारात उभा पाहिलं आणि माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघत म्हणाली, “मामंजी, ह्यांका आता देवळातच बसवूया. नारळ आपोआप येतत, आमका दर्शन पुरे.”

मी हसलो. पण रथसप्तमी जवळ येत होती.

सगळ्या हंगामात एकच जागा अशी निघाली जिथे माझा सत्कार झाला नाही. खारदांड्याला कोळणींची एक संस्था आहे, तिकडे मी कोणाच्या तरी सांगण्यावरून गेलो. त्यांच्या पुढारी हिराबाई वाळत घातलेल्या बोंबलांच्या खाली बसून जाळ्याचा गुंता सोडवत होत्या. मी उभ्या उभ्या वीस मिनिटांचं भाषण केलं. वारा चांगला होता, आवाजही लागला होता. हिराबाईंनी मान वर केली नाही. शेवटी मीच विचारलं, की मग सत्कार कधी ठेवताय.

“नारळ आमी दर्याला देतो, मानसाला नाय,” हिराबाई म्हणाल्या. “जागा पन नाय. जायचा कवा ते सांग, बाया घेऊन येते.”

आणि आल्या. वॉर्ड ऑफिसात गेलो त्या दिवशी नलू, वस्तीतल्या चार आया, मी आणि खारदांड्याच्या बायका होत्या. जे पाठीशी उभे होते ते इतके पाठीमागे उभे होते, की दिसेनात. साहेब भले होते. हिराबाईंचा आवाज ऐकून त्यांनी खिडकी लावून घेतली, मग सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हणाले, अंगणवाडीचं मी बघतो, पण ती भरवायची कुठे? जागा दाखवा, पुढचं माझ्यावर सोडा.

म्हणजे फिरून जागा. त्या आठवड्यात मी डोंगरावर गेलो, तर खोलीत ट्रेडमिल येऊन पडलं होतं. राजवाडा, सिंह, पोरं आणि आता ट्रेडमिल. नलूने ते गोणपाटाने झाकलं होतं. पोरांनी गोणपाट काढून त्याची बस केली होती. सिया ड्रायव्हर. मला म्हणाली, बसा, स्टेशन आलं की सांगते. मी कसाबसा बसलो. बस जागची हलत नव्हती, खिडकी नव्हती, सगळे घामाघूम झाले होते आणि तरी प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं होतं. नलू सिंहाला टेकून माझ्याकडे बघत होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त मार बसतो.

डोंगर उतरला, की पायथ्याशी एका ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल आहे. हवेशीर, मोठ्या खिडक्यांचा, बाहेर नळ असलेला. वस्तीतल्या पोराच्या पायांनी दहा मिनिटं. मी त्याच्याकडे सगळ्यात आधी जायला हवं होतं आणि सगळ्यात शेवटी गेलो, कारण तिथले अध्यक्ष सामंत. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. चावी त्यांच्या खिशात. हॉल उघडायचा संध्याकाळी पाचला. सकाळभर कुलूपबंद, अशी त्याची ख्याती.

मी त्यांच्या संध्याकाळच्या बैठकीत सगळं मांडलं. म्हाताऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. सामंत म्हणाले, “सकाळी हॉल उपलब्ध नसतो.”

आसपासच्या बाकीच्या संस्थांनी नारळाबरोबर दहा-दहा कारणं दिली होती. फरशी नवी आहे, पोरं भिंती रंगवतील, आमच्या घटनेत तरतूद नाही. सामंतांनी एकही दिलं नाही. मला त्या माणसाचा जरा धाकच बसला.

म्हटलं, सकाळी घरी जाऊन पटवू. गेलो. दोन खोल्यांचं घर. सुनेने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. बाहेरच्या खोलीत मुलगा कानाला हेडफोन लावून कोणाला तरी इंग्रजीत समजावत होता. आतल्या खोलीत सुनेचा लॅपटॉप उघडा. स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून नातू क्लासचा अभ्यास करत होता. मी चपला हातात घेऊन पायपुसण्यावर उभा. सून कुजबुजली, की बाबा सकाळी फिरायला जातात ते बारानंतर येतात. आठला निघतात. मी मनात म्हटलं, काय तब्येत आहे बुवा. आपल्याला स्टेशनपर्यंत चाललं तर धाप लागते.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला हॉलवरून जात होतो. दार बंद. सवयीने टकटक केली. आत पंखा फिरत होता आणि रेडिओ लागला होता, बारीक आवाजात. मी टकटक केल्यावर तो थांबला. थोडा वेळ उभा राहिलो. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला, सकाळी कोणी नसतं साहेब. मी समजलो, की चोरांना फसवायला रेडिओ लावून ठेवत असतील. थांबलाही असेल वीज गेल्यामुळे. माणूस एकदा स्वतःला समजावायला लागला, की त्याला कोणीही थांबवू शकत नाही.

आज त्या सकाळचा विचार करतो तेव्हा वाटतं, ह्या आमच्या उपनगरात प्रत्येक जण कोणाच्या तरी जागेत पाहुणा आहे. पोरं राजवाड्याच्या घरी, राजवाडा मंडळाच्या घरी, मुलगा बाहेरच्या खोलीत, सून आतल्या. बिल्डिंगी वर वर जातात, आणि पाय पसरायला म्हणून माणूस शेवटी जिन्यात जाऊन बसतो. मी स्वतः माइक हातात घेतो तो कशासाठी? स्टेजवर तेवढ्यापुरती का होईना, हात पसरून बोलायला जागा मिळते.

आठवड्याभराने सामंतांचं निमंत्रण आलं. संघाच्या वर्धापनदिनी, सकाळी दहा वाजता, खास बाब म्हणून, बालवाडी चालवणाऱ्या नलूताईंचा सत्कार. सूत्रसंचालन माझं.

नलूला सांगितलं तर म्हणाली, “माझा सत्कार? म्हणजे गेली जागा.” ती माझ्यापेक्षा कितीतरी लवकर शिकली होती. येणार नाही, म्हणाली. मग म्हणाली, की पोरांचं बोरनहाण राहिलंय. त्या खोलीत बोरं उधळली तर ट्रेडमिलमध्ये जातील. हॉल एका सकाळसाठी का होईना उघडतोय ना, मग पोरं घेऊन येते. सत्कार तुम्ही करा, आम्ही बोरनहाण करतो.

अशी ती सकाळ. स्टेजवर नलू, खाली सतरंजीवर हलव्याचे दागिने घातलेली पोरं, मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा. शाल पडली, नारळ आला, पेढा कोंबला गेला. सामंतांनी कागदावरून पूर्ण पाठिंबा वाचून दाखवला. माझी पाळी आली. मी माइक घेतला, ‘संस्था’ म्हणालो आणि पुढचं वाक्य येईना. समोर पोरं बसली होती, एकमेकांपासून हातभर लांब. दोघांनी तर हात पसरून बघितले, कोणाला लागतात का. मी माइक खाली ठेवला आणि बोरांची परडी उचलली.

मग काय सांगू. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या. पोरं सांडलेल्यावर तुटून पडली, हॉलभर पळाली, खिडक्यांना लोंबकळली. एक आजी खुर्चीवरून उतरून करवे गोळा करायला लागल्या, मग दुसऱ्या. सामंत भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर चुरमुरे चिकटले होते.

कार्यक्रम आटोपला. वडे संपले, मंडळी पांगली. आया येत गेल्या, पोरं जात राहिली. ज्याची आई यायची ते पोर चपला उलटसुलट घालून सुटायचं. शेवटी सिया उरली. तिची आई टॉवरमधल्या घरांत स्वयंपाक करते, तिला नेहमीच उशीर. आम्ही तिघं दाराबाहेर पायरीवर आलो. नलू शाल खांद्यावर टाकून, मी तिचा नारळ धरून, सिया ओंजळीत बोरं घेऊन. रथसप्तमीला दोन दिवस होते.

नलूने शेवटचं विचारलं. विनवणी नाही, भांडण नाही. नुसत्या सकाळी द्या, म्हणाली. बाराच्या आत झाडून पुसून देते.

“सकाळी हॉल उपलब्ध नसतो,” सामंत म्हणाले. आणि दार लोटायला लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही बाहेर होतो आणि ते आत. कुलूप त्यांच्या हातात तसंच होतं. मागे पंखा चालू होता. कोपऱ्यातल्या खुर्चीशी एक रेडिओ होता आणि खुर्चीखाली फडक्यात बांधलेला डबा. सगळ्या धामधुमीत तो मी पाहिलाच नव्हता.

सिया उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. दार तिच्या अंगावर लोटता येईना. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, ओंजळीतलं एक बोर त्यांना दिलं आणि विचारलं, “आजोबा, तुम्हाला न्यायला कोण येणार?”

सामंत बोराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते घसा खाकरून ‘सन्माननीय’ वगैरे म्हणतील. ह्या माणसाला मी कागदाशिवाय दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी एकदा नलूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग आम्हा दोघांना सोडून त्या चार वर्षांच्या पोरीला, जणू तिनेच इतके दिवस बाहेरून टकटक केली होती असं, घाईघाईने सांगून टाकलं, “मी रोज सकाळी इथेच असतो गं, आतून कडी लावून.”